एकट्या पालकाने लहान मुलाला घेऊन तंबूत मुक्काम करावा का? (खान्देश परिसर)

बोरीकाठची
नमस्कार. मी अमळनेरला राहते, नोकरी करते आणि माझ्या साडेसात वर्षांच्या मुलाला गेली चार वर्षे एकटीने वाढवते आहे. दिवाळीच्या सुटीत त्याच्या वर्गातला एक मित्र आईवडिलांसोबत तंबूत राहून आला आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. शेवटी मी दोन माणसांचा म्हणवणारा एक तंबू विकत घेतला. तो पुढच्या खोलीत उभा करून आम्ही त्यात एक रात्र झोपलोही.

माझा प्रश्न जागेचा कमी आणि माणसांच्या संख्येचा जास्त आहे. दोन मोठी माणसे असली की एक जण तंबू ठोकतो आणि दुसरा मुलाकडे पाहतो; एक चुलीशी बसतो आणि दुसरा पाणी आणतो. मी एकटी असताना हे सगळे कसे जमवायचे? रात्री दोन वाजता मला लघवीला जावे लागले तर झोपलेल्या मुलाला तंबूत सोडून जायचे, की त्याला उठवून सोबत न्यायचे, या एवढ्याशा प्रश्नावर मी आठवडाभर अडकले आहे. तोरणमाळ, पाल आणि पाटणादेवी ही तीन नावे मनात आहेत. घरी विषय काढला तेव्हा आई एवढेच म्हणाली, "येडी शे का तू?" म्हणून इथे विचारते आहे. 'जाऊ नका' असे ज्यांचे मत असेल त्यांनीही सांगावे, फक्त कारणासह सांगावे.

सातपुडा_पायी
ताई, आधी जागेचे बोलतो, कारण त्यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. पाल हे यावल अभयारण्यात येते आणि पाटणादेवी गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवान्याशिवाय जाता येत नाही आणि राहताही येत नाही. जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे नदीकाठी मोकळी जागा दिसली, गाडी थांबवली आणि तंबू ठोकला, असे तिथे चालत नाही. वनविभागाच्या कार्यालयात आधी जाऊन विचारावे. विश्रामगृहाच्या आवारात तंबू लावू दिला तर तुमच्यासारख्या एकट्या पालकासाठी ते सर्वांत उत्तम, कारण तिथे रात्री चौकीदार असतो, नळ असतो आणि मुख्य म्हणजे शौचालय असते.

तोरणमाळची गोष्ट थोडी वेगळी आहे. उंची साधारण ११५० मीटर, वर यशवंत तलाव, वस्ती आहे, राहण्याच्या सोयी आहेत. मात्र डिसेंबर-जानेवारीत तिथली थंडी अमळनेरच्या थंडीसारखी समजू नका. घाटात मोबाइलला रेंज सलग मिळत नाही, हेही लक्षात ठेवा.

भरीतप्रेमी
दोन माणसांचा तंबू म्हणजे कंपनीच्या हिशेबाने दोन काड्यापेट्यांचा. एक आई, एक मूल आणि त्याची अंथरूण-पांघरुणे धरून चार माणसांचा घ्या.

खळ्यातला_माणूस
माझे वय आता सत्तरीच्या पुढे आहे. आमच्या लहानपणी ज्वारीची कणसे खळ्यात येऊन पडली की राखणीला झोपावे लागे आणि सात-आठ वर्षांचे आम्ही पोरे हट्टाने वडिलांसोबत जात असू. अंगाखाली कडबा, अंगावर गोधडी आणि उशाशी कंदील. त्याला कोणी मुक्काम म्हणत नसे की शिबिर म्हणत नसे. म्हणून मुलाला उघड्यावर झोपवणे म्हणजे काही भयंकर गोष्ट, असे मला वाटत नाही.

पण आज विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. आम्ही बापलेक एकटे आहोत असे वाटत असले तरी शेजारचे खळे हाकेच्या अंतरावर असे आणि त्याच्या पलीकडे आणखी एक. वडिलांनी रात्री नुसते खाकरले तरी पलीकडून कोणीतरी "काय रे?" म्हणून विचारत असे. तुम्ही जागा निवडाल तेव्हा तिथली हाक कुठपर्यंत पोहोचते, हे पाहून निवडा.

स्पष्टवक्ती
माझे मत कडू वाटेल, पण कारणासह मागितले आहे म्हणून देते. मुलाची हौस आणि आईची जबाबदारी यांत फरक असतो. उद्या काही झाले तर 'दुसरे कोणी सोबत का नव्हते?' हा पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल, आणि तो विचारणारे लोक तुम्हाला एरवी मदत करणारेही नसतील. एकट्या बाईने रानात तंबूत राहणे आपल्या भागात अजून सहज घेतले जात नाही. भाऊ, मामा, मैत्रीण, कोणालातरी सोबत न्यावे. एवढा आटापिटा कशासाठी?

बोरीकाठची
कारण दिल्याबद्दल खरोखर आभार. भावाला विचारले होते, तो म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मैत्रिणींना संसार आहेत. कोणी सोबत येईपर्यंत थांबायचे ठरवले तर माझा मुलगा मिसरूड फुटेपर्यंत थांबेल. त्याला तंबूत 'आईसोबत' जायचे आहे हेही खरे आहे, त्याला मामा नको आहे. लोक काय विचारतील याची मला चार वर्षांत सवय झाली आहे. मला भीती आहे ती मी पडले किंवा आजारी झाले तर काय, याची.

एक_बाप_भुसावळ
तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहितो आहे, एरवी मी इथे फक्त वाचतो.

मी रेल्वेत आहे, मुलगी आता दहा वर्षांची आहे आणि ती आठ वर्षांची असल्यापासून आम्ही दोघेच हिवाळ्यात एकदोन मुक्काम करतो. पहिला मुक्काम परवानगी काढून एका विश्रामगृहाच्या आवारात केला. चौकीदाराची खोली आमच्यापासून शंभर पावलांवर होती. अंधार पडताना मी पाण्याचा डबा भरायला निघालो. निघताना मुलीला नेहमीप्रमाणे बजावले, "मी येईपर्यंत जागेवरून हलायचे नाही." वीस पावलांवर बैलगाडीच्या चाकोरीत पाय गेला आणि घोटा असा मुरगळला की मला उभेच राहता येईना. मोबाइल तंबूत. मी हाका मारल्या, तिने ऐकल्या, ती तंबूच्या तोंडाशी उभी राहून रडत होती, पण पाऊल पुढे टाकत नव्हती. का, तर बाबांनी हलायचे नाही असे सांगितले होते! मी "इकडे ये" म्हणत होतो आणि ती "तुम्हीच सांगितले ना" म्हणत होती. दहा मिनिटांनी चौकीदाराच्या कुत्र्याने भुंकून भुंकून त्याला बाहेर काढले.

तेव्हापासून आमच्याकडे दोन वेगळे नियम आहेत. ती हरवली तर तिने जागेवरच थांबायचे. मात्र बाबा पडले, बोलत नाहीत किंवा विचित्र बोलत आहेत, तर तिने थांबायचे नाही. बॅटरी घ्यायची आणि दिवसा ठरवून दाखवलेल्या दिव्याकडे चालत जायचे. दिवस असतानाच आम्ही ती वाट दोनदा चालतो, तिथल्या माणसाशी तिची ओळख करून देतो आणि तिला तिथे एकटीने जाऊन पाणी मागून आणायला लावतो. फोनला कुलूप असले तरी त्यावरून ११२ हा तातडीच्या मदतीचा क्रमांक लावता येतो, हे तिला करून दाखवले आहे. गळ्यात शिट्टी असते. पालक लोक मुलाची तयारी म्हणजे टोपी, स्वेटर आणि खाऊ समजतात. दोघेच जाणाऱ्यांच्या बाबतीत मोठा माणूस आडवा झाला तर मूल काय करील, ही तयारी आधी हवी.

आणि स्पष्टवक्ती यांना एवढेच सांगतो, की पुरुष असूनही मला प्रश्न चुकत नाहीत. 'मुलीची आई कुठे आहे?' असे मला प्रत्येक नाक्यावर विचारतात. मी तिचे आधार कार्ड आणि तिच्या आजीचा फोन क्रमांक गाडीत पुढेच ठेवतो. विचारणाऱ्यांचा रागही येत नाही, कारण विचारायला हवेच.

स्पष्टवक्ती
तुमचा अनुभव वाचून माझे मत बदलले नाही, उलट पक्के झाले. पण तो दिव्याकडे चालत जाण्याचा नियम मी माझ्या नातवंडांना शेतावरसुद्धा शिकवणार आहे.

ग्रामीण_डॉक्टर
मी या भागात बरीच वर्षे रुग्ण पाहतो आहे, म्हणून तीन गोष्टी लिहितो.

पहिली मण्यार. हा साप रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो आणि अनेकदा चावल्याचे कळतही नाही, कारण वेदना आणि सूज फारशी नसते. पहाटे मूल पोट दुखते म्हणते, पापण्या जड होतात, बोलणे आणि गिळणे अवघड होते. रानात झोपून उठल्यावर अशी तक्रार आली तर 'काल भजी जास्त खाल्ली' असे म्हणून घालवू नका, थेट रुग्णालय गाठा. चावलेल्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, तो अवयव हलू देऊ नये. तंबूची चेन दिवसाही उघडी ठेवू नका आणि चपला-बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.

दुसरी गोष्ट विंचवाची. मोठ्या माणसापेक्षा मुलाला लाल विंचवाचा धोका फार जास्त, कारण विषाचा परिणाम हृदयावर होतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा वापर रूढ केल्यापासून या दंशाने होणारे मृत्यू खूप कमी झाले, पण मूल वेळेत पोहोचले तरच. मुलाला घाम सुटून हातपाय गार पडले असतील तर मांत्रिकाकडे थांबू नये.

तिसरी गोष्ट तोरणमाळला जाणाऱ्यांसाठी. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत घेऊ नका. विझत आलेल्या दिसणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो, त्याला वास नसतो, आणि बंद तंबूत झोपलेली माणसे झोपेतच जातात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाविषयी. दंश मुलाला झाला तर तुम्ही गाडी चालवून न्याल. तुम्हाला झाला तर गाडी कोण चालवील? १०८ ची रुग्णवाहिका मोफत मिळते, पण तोरणमाळहून घाट उतरून शहादा सुमारे ५५ किलोमीटर आहे. म्हणून हाकेच्या अंतरावरचा तो माणूस नुसता असून भागत नाही, त्याला गाडी चालवता यायला हवी. जाण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात फोन करून सर्पदंशावरची लस शिल्लक आहे का, हे विचारून घ्या. असा फोन केला तर कोणी हसत नाही.

भरीतप्रेमी
डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी घरातच झोपायचे ठरवले आहे, तेही दोन बाज एकावर एक ठेवून.

रावेरची_आत्या
माझ्या भाच्याला त्याचे आईवडील पुण्याला असल्यामुळे सुटीत मीच सांभाळते आणि आम्ही दोघे शेतावर तंबू लावतो. बोरीकाठची ताई, तोरणमाळ-पाल सगळे नंतर करा, पहिली बाहेरची रात्र ओळखीच्या शेतात काढा. फक्त केळीच्या बागेत किंवा तिच्या अगदी कडेला तंबू लावू नका. आत गारवा असतो, ओल असते, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो आणि दाट बागेत रानडुक्कर काय किंवा बिबट्या काय, दोन हातांवर असला तरी दिसत नाही. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या पट्ट्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, ते तुम्हाला आठवत असेलच. घराजवळचे खळे किंवा गोठ्यासमोरचे मोकळे अंगण निवडा. संध्याकाळ झाली की मूल एकटे उकिडवे बसायला कुठेही जाणार नाही, हा आमचा एकमेव कडक नियम आहे, कारण बसलेले लहान मूल बिबट्याला माणूस वाटतच नाही.

तंबू ठोकताना मुलाचे काय करायचे, याचे उत्तर म्हणजे त्याला काम द्या. खुंट्या मोजून हातात देणे हे भाच्याचे काम आहे. बारा खुंट्या असतात. तो एकेक देतो, आकडा मोठ्याने म्हणतो, आणि आकडा ऐकू येतो आहे तोवर मला मान वर करून पाहावे लागत नाही की तो विहिरीकडे गेला का. आकडा थांबला की मी थांबते.

जळगाव_जंक्शन
जेवणाचे काय? आमच्या एका मित्राने मुलाला घेऊन रानात गेल्यावर दोन दिवस शेवया-मसाल्याची पाकिटे खाल्ली, हे ऐकून मला फार दुःख झाले.

रावेरची_आत्या
एकट्या माणसाने तिथे स्वयंपाकाचा घाट घालूच नये. उकळते भांडे आणि लहान मूल यांच्यावर एकाच वेळी नजर ठेवता येत नाही. पहिल्या रात्रीसाठी घरूनच कळण्याच्या भाकरी, ठेचा आणि थर्मासमध्ये दूध न्यावे. वरण-बट्टी करायचीच असेल तर दुसऱ्या दिवशी, भर उजेडात, गोवऱ्यांवर, आणि पोराला बट्ट्या वळायला बसवून.

सातपुडा_पायी
महिना कोणता घ्यावा हे राहिले. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत तंबू म्हणजे भट्टी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचे दिवस चांगले. त्यातही १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव भरात असतो. तो रात्री नऊ-दहापासूनच दिसू लागतो, त्यामुळे मुलाला पहाटेपर्यंत जागे ठेवावे लागत नाही. पाटणादेवीला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे. तिथे बसून पोरांना आकाश दाखवण्याची मजा काही निराळीच.

खळ्यातला_माणूस
शिलालेख सकाळी दाखवा. बाईंचा रात्री दोन वाजताचा प्रश्न अजून कोणीच सोडवलेला नाही.

एक_बाप_भुसावळ
खरे आहे, क्षमस्व. आमचे उत्तर असे: एकट्याने जायचेच नाही. झोपण्याआधी दोघांनी मिळून जायचे, पाणी पिणे त्याच्या तासभर आधी थांबवायचे, आणि तरीही वेळ आलीच तर झाकण घट्ट लागणारी छोटी बादली. चार माणसांच्या तंबूला पुढे जी पडवी असते तिच्यात ती ठेवायची आणि तळाशी थोडी कोरडी माती टाकायची. तंबूच्या बाहेर पाऊल टाकावे लागत नाही. मुलाला रात्री उठवून अंधारात नेले तर ते पुन्हा झोपत नाही आणि मग तुम्हीही झोपत नाही.

बोरीकाठची
बादली! आठवडाभर मी कशाकशाचा विचार केला, पण घरात लहान बाळ असताना जे करत होते तेच सुचले नाही. तंबू बदलून चार माणसांचा घेतला आहे. पहिली रात्र आजोळच्या खळ्यात, आणि ती नीट पार पडली तर नंतर तोरणमाळ. तिथे ज्यांच्या आवारात तंबू लावू देणार आहेत त्या दादांना मी फोनवर पहिला प्रश्न 'गाडी चालवता येते का?' हा विचारला. ते बराच वेळ गप्प होते.

(पाच आठवड्यांनंतर)

बोरीकाठची
धागा वर काढते आहे, कारण इथे इतक्या जणांनी वेळ दिला आणि जाऊन आल्यावर काही न सांगणे बरे नव्हे.

आजोळची रात्र फसली. रात्री साडेअकराला चिरंजीव उठले, "मला घरी जायचे" म्हणाले आणि आम्ही पंचवीस पावले चालून आजीच्या खोलीत झोपलो. मला वाईट वाटले, पण सकाळी तोच म्हणाला की तंबू अजून काढू नको. दुसऱ्या रात्री तो आत राहिला. घरी परतता येते हे एकदा पाहिल्यावर त्याला परतावेसे वाटले नाही, असा मी अर्थ लावला.

तोरणमाळला दोन रात्री राहिलो. पोहोचल्यावर आधी दिव्याची वाट दाखवली. दादांच्या घराच्या ओट्यावर पिवळा दिवा होता. तो तिथपर्यंत एकटा गेला आणि तांब्याभर पाणी सांडत सांडत घेऊन आला. अर्धा तांब्या उरला होता. खुंट्या त्याने मोजल्या. नववी हातात देताना थांबला, माझ्या पोटात गोळा आला, मान वर केली तर तो मुंग्यांची रांग पाहत होता. तिथली थंडी मात्र मी कमी लेखली होती. आम्ही दोघांनी जवळचे सगळे कपडे अंगावर चढवले, तरी पहाटे चारला मला जाग आली. तंबूला आतून पाणी सुटले होते आणि ते थेंब थेंब त्याच्या टोपीवर पडत होते. निखारे आत घ्यावेत असा विचार त्या वेळी खरोखरच मनात आला होता. डॉक्टरांचा प्रतिसाद वाचला नसता तर घेतले असते. त्याऐवजी गाडीतली सतरंजी आणून खाली आणखी एक थर घातला. थंडी वरून नाही, जमिनीतून येत होती. बादली दोनदा वापरली, दोन्ही वेळा मी.

पडण्या-आजारी होण्याची वेळ आली नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम डोळे मिटून पडून राहिले आणि हाकेला उत्तर दिले नाही. त्याने दोनदा हाक मारली, माझ्या नाकासमोर हात धरून पाहिला, शिट्टी वाजवली आणि चप्पल न घालता ओट्याकडे पळाला. दादा धावत आले. मला दोघांचीही माफी मागावी लागली, आणि चिरंजीव तासभर बोलले नाहीत.

स्पष्टवक्ती
असली परीक्षा पुन्हा घेऊ नका. पोराला आधी सांगून सराव करा.

बोरीकाठची
मान्य आहे, पुन्हा घेणार नाही. आता एक शंका. परतताना तंबूची चेन धुळीमुळे अडकायला लागली आहे, अर्ध्यावर येऊन थांबते. तेल घातले तर धूळ आणखी चिकटेल ना?

खळ्यातला_माणूस
जुन्या ब्रशाने चेनचे दात साफ करा आणि त्यांवर मेणबत्ती घासा. गोणीच्या दाभणाला आम्ही तेच लावत असू.